सामायिक संगणकावरील आज्ञावली-नियंत्रण

एकाच संगणकाचा वापर अनेक व्यक्ती करीत असताना त्यांपैकी कोणी कोणती आज्ञावली चालवावी हे ठरविणे आणि तो निर्णय यंत्राकडून पाळवून घेणे, यासाठी योजलेल्या पद्धतींना आज्ञावली-नियंत्रण म्हणता येईल. फाइल कोणी वाचावी अथवा कोणी बदलावी, या प्रश्नाशी हा विषय निगडित असला, तरी तो त्याहून वेगळा आणि अधिक अवघड आहे. कुलूपबंद कपाटातील कागद दुसऱ्यास वाचू न देणे ही एक गोष्ट झाली. त्याच्या हाती असलेल्या कागदावरील सूचनांप्रमाणे त्याला वागू न देणे ही अगदी दुसरी.

या अडचणीचे मूळ संगणकाच्या रचनेतच आहे. जॉन फोन नॉयमान यांच्या १९४५ च्या अहवालात ज्या रचनेचे वर्णन आले, तीत आज्ञा आणि ज्यांवर आज्ञांनी काम करावयाचे ती माहिती ही दोन्ही एकाच स्मृतीत, एकाच प्रकारच्या अंकांच्या रूपात साठविलेली असतात. एखादा अंक पगाराची रक्कम आहे की बेरजेची आज्ञा आहे, हे त्या अंकाकडे पाहून यंत्राला सांगता येत नाही. याच गुणामुळे एका आज्ञावलीने दुसरी आज्ञावली तयार करणे शक्य होते व संगणकास त्याची सारी शक्ती लाभते. मात्र त्यामुळेच ‘ही आज्ञावली चालवू नये’ या साध्या निर्बंधाला यंत्रात पक्का आधार सापडत नाही. पुढील सहा दशकांचा इतिहास बव्हंशी असा आधार शोधण्याचा इतिहास आहे.

आरंभीच्या काळात हा प्रश्न माणसांनीच सोडविला होता. वापरणारा आपली आज्ञावली छिद्रित पत्रांच्या गठ्ठ्यावर तयार करून खिडकीपाशी देई. यंत्राजवळचा चालक गठ्ठे क्रमाने लावी आणि निकालाचे छापील कागद दुसऱ्या दिवशी परत मिळत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये आलेल्या सीडीसी ३६०० या संगणकाच्या आसपासच्या पिढीला ही पद्धत चांगलीच परिचित होती. ज्याचा गठ्ठा घेतला नाही त्याची आज्ञावली चालली नाही, इतके हे नियंत्रण सरळ होते. परंतु एकदा गठ्ठा यंत्रात गेला, की त्याचे काम संपेपर्यंत सारे यंत्र त्याचेच असे. त्याने देखरेख करणारी आज्ञावली पुसून टाकली, तर यंत्र थांबे आणि चालक ते पुन्हा सुरू करी. दुसऱ्या कोणाचे काम त्या क्षणी यंत्रात नसल्याने हानी फारशी होत नसे.

कालविभागणी पद्धतीने ही स्थिती पालटली. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथे फर्नांदो कॉर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये सीटीएसएस या प्रणालीचे पहिले प्रात्यक्षिक केले. तीत प्रत्येक वापरणाऱ्यास टंकयंत्रासारख्या अग्रावरून संगणकाशी थेट व्यवहार करता येई आणि संगणक प्रत्येकाकडे आळीपाळीने लक्ष देई. प्रणाली नंतर आयबीएम ७०९० व ७०९४ या यंत्रांवर नेण्यात आली, तेव्हा यंत्रात मुद्दाम फेरफार करून घेण्यात आले. प्रत्येकी ३२,७६८ शब्दांच्या दोन स्वतंत्र स्मृती बसविण्यात आल्या. एकीत पर्यवेक्षक आज्ञावली आणि दुसरीत वापरणाऱ्याची आज्ञावली राही. दुसऱ्या स्मृतीतील आज्ञावलीने पहिलीकडे हात घातला अथवा आदान-प्रदानाची आज्ञा स्वतःच दिली, तर यंत्र ते काम तेथेच तोडून पर्यवेक्षकाकडे सत्ता सोपवी. आज्ञावलीने काय करू नये हे प्रथमच चालकाऐवजी यंत्र ठरवू लागले. येथे एक भेद ध्यानात ठेवावयास हवा : कोणतीही आज्ञावली चालविण्यास या यंत्राची हरकत नव्हती, चालू आज्ञावलीने कुंपण ओलांडण्यास तेवढी होती.

हे कुंपण पुरेसे नाही, याचा अनुभव लवकरच आला. प्रत्येकास संगणकाचा ठरावीक वेळ वाटून दिलेला असे. तो पुरेना म्हणून १९६२ मध्ये एका संशोधक विद्यार्थ्याने सर्वांचे परवलीचे शब्द साठविलेली फाइल छापून मिळावी अशी विनंती छिद्रित पत्राद्वारे सादर केली, आणि फाइल छापून देणाऱ्या आज्ञावलीने ती इमानेइतबारे छापून दिली. त्याने कोणतीही निषिद्ध आज्ञावली चालविली नव्हती. सर्वांसाठी खुल्या असलेल्या आज्ञावलीकडून त्याने निषिद्ध काम करून घेतले होते. पुढे १९६६ मध्ये याच प्रणालीत दोन व्यवस्थापक एकाच वेळी संपादनाचे काम करीत असताना संपादक आज्ञावलीच्या तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली आणि दिवसाच्या सूचनेऐवजी परवलीच्या शब्दांची संपूर्ण यादी प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाच्या कागदावर उमटू लागली. कॉर्बातो यांनी १९९० च्या ट्यूरिंग पारितोषिक व्याख्यानात हा प्रसंग सांगितला आहे.

याच सुमारास दोन ठिकाणी अगदी निराळी वाट चोखाळली गेली. डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी व टॉमस कुर्ट्झ यांनी १ मे १९६४ रोजी सुरू केलेल्या कालविभागणी प्रणालीत विद्यार्थ्यांना बेसिक या सोप्या भाषेतून आज्ञावल्या लिहिता येत. केमेनी यांची धारणा अशी, की ग्रंथालयातील कपाटे जशी खुली असतात तसा संगणक विद्यार्थ्यांना खुला असावा. हा खुलेपणा परवडला, याचे एक कारण म्हणजे बेसिकमध्ये यंत्राच्या मूळ आज्ञा लिहिण्याची सोयच नव्हती. जे बोलता येत नाही ते करताही येत नाही. म्हणून कोणास काही मनाई करण्याचे प्रसंग थोडे.

दुसरी वाट बरोज कंपनीची. १९६१ मध्ये जाहीर झालेल्या बी ५००० या यंत्रापासून तिने जी परंपरा घातली, ती या विषयाच्या इतिहासात सर्वांत विचार करण्याजोगी आहे. यंत्राच्या मूळ आज्ञांत आज्ञावली लिहिण्याचे साधन या यंत्रांवर वापरणाऱ्यास दिलेच नव्हते. परिचालन प्रणालीसुद्धा अल्गॉलसारख्या उच्च पातळीच्या भाषेत लिहिलेली होती. बी ६५०० पासूनच्या यंत्रांत ४८ अंकस्थानांच्या प्रत्येक शब्दास आणखी ३ अंकस्थानांची खूणचिठ्ठी जोडण्यात आली. हा शब्द आज्ञेचा की माहितीचा, हे त्या चिठ्ठीवरून यंत्रास कळे आणि सामान्य आज्ञावलीस आज्ञेच्या शब्दावर काही लिहिता येत नसे. तसेच ‘चालविता येण्याजोगी’ असा दर्जा फाइलीस देण्याचा अधिकार फक्त संकलकांना, म्हणजे कंपायलरांना, होता. आणि एखादी आज्ञावली संकलक आहे हे जाहीर करण्याचा अधिकार यंत्राच्या मुख्य अग्रावर बसलेल्या चालकास होता. आधी सांगितलेल्या मूळ प्रश्नाला दिलेले हे सर्वांत सरळ उत्तर होय. कोणी कोणती आज्ञावली चालवावी, हे ठरवीत बसण्याऐवजी माहितीची आज्ञावली कोणी बनवावी, एवढेच ठरवावयाचे.

या व्यवस्थेचा सारा भार मात्र संकलकाच्या सचोटीवर पडला. संकलकाने घातक आज्ञा निर्माण केल्या, तर त्या अडविणारे दुसरे कोणी नव्हते. शिवाय यंत्राच्या आत काटेकोर असलेले नियम यंत्राबाहेर लागू नव्हते. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात असे दाखविण्यात आले, की चुंबकीय फितीवर उतरविलेली फाइल फितीवरच बदलून पुन्हा यंत्रात घेतली, तर तिला संकलकाचा दर्जा मिळवून देता येतो. फीत ही शेवटी माहितीच. आणि तिच्यावर चिठ्ठ्या नव्हत्या.

एमआयटी, बेल प्रयोगशाळा व जनरल इलेक्ट्रिक यांनी १९६५ मध्ये हाती घेतलेल्या मल्टिक्स प्रणालीने संरक्षणाचा प्रश्न मुळापासून विचारात घेतला. प्रत्येक स्मृतिखंडासोबत एक अधिकारसूची असे आणि तीत व्यक्तिनिहाय वाचणे, लिहिणे व चालविणे हे तीन अधिकार वेगवेगळे नोंदविता येत. अधिकाराच्या पायऱ्या दाखविणारी एकात एक अशी वर्तुळे कल्पिलेली होती. १९७३ च्या हनीवेल ६१८० या यंत्रात अशी आठ वर्तुळे यंत्रसामग्रीतच बसविलेली होती. प्रकल्पाच्या प्रशासकास असेही ठरविता येई, की अमुक व्यक्तीने प्रवेश करताच तिला नेहमीच्या आदेश-दुभाष्याऐवजी एका विशिष्ट आज्ञावलीच्या स्वाधीन करावे आणि तिच्या बाहेर जाऊ देऊ नये. वापरणाऱ्याला ठरावीक आज्ञावल्यांतच कोंडून ठेवण्याची ही व्यवस्था पुढे बँकांच्या व आरक्षणाच्या खिडक्यांवरील संगणकांना लागू पडली. मल्टिक्सचे शेवटचे यंत्र कॅनडातील हॅलिफॅक्स येथे २००० मध्ये बंद झाले. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर आरएसीएफ या आज्ञावलीने १९७६ पासून असेच कार्य केले. त्याचा तपशील देण्याचे येथे कारण नाही.

बेल प्रयोगशाळेने १९६९ मध्ये मल्टिक्समधून अंग काढून घेतल्यावर केनेथ टॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स ही लहान प्रणाली रचली. तीत लांबलचक सूचीऐवजी मालक, गट व इतर या तिघांसाठी वाचणे, लिहिणे व चालविणे अशा एकूण नऊ खुणा प्रत्येक फाइलीस देण्याची पद्धत रूढ झाली. आजवर सर्वांत अधिक प्रसार झालेली पद्धत हीच. परंतु तिच्यातील चालविण्याची खूण दिसते तेवढी समर्थ नाही. एखादी फाइल वाचण्याची मुभा आहे पण चालविण्याची नाही, अशी स्थिती असेल, तर वापरणारा तिची प्रत स्वतःच्या जागेत करतो. प्रतीचा मालक तोच असल्याने तीवर चालविण्याची खूण तो स्वतःच उमटवितो. म्हणजे वाचू देणे हेच चालवू देणे ठरते. वाचण्याचीही बंदी केली, तर तीच आज्ञावली बाहेरून आणता येते किंवा नव्याने लिहून संकलकाकडून बनवून घेता येते. संकलकही काढून घेतला, तरी शेल आणि इतर दुभाष्या आज्ञावल्या उरतातच. त्या साधी मजकुराची फाइल वाचतात आणि तिच्याप्रमाणे वागतात. मजकूर चालविला गेला की नुसता वाचला गेला, हे परिचालन प्रणालीस कसे कळावे? युनिक्सच्या काही आवृत्त्यांत निर्बंधित शेल देण्यात आले. त्यातून निर्देशिका बदलता येत नसे, आदेश शोधण्याचा मार्ग बदलता येत नसे आणि फलित दुसऱ्या फाइलीत वळविता येत नसे. परंतु मंजूर आदेशांच्या यादीत एखादा मजकूर-संपादक राहून गेला, की त्यातून पूर्ण शेल सुरू करता येई आणि सारे निर्बंध गळून पडत.

रिची यांचे खरे योगदान याच्या उलट दिशेचे आहे. एखाद्यास फाइल उघडण्याचा अधिकार नाही, पण विशिष्ट आज्ञावलीच्या द्वारे तिच्यात विशिष्ट बदल करण्याचा असावा, अशी गरज वारंवार पडते. त्यासाठी आज्ञावलीच्या फाइलीवर एक वेगळी खूण ठेवावी आणि ती चालविणाऱ्यास तेवढ्यापुरते आज्ञावलीच्या मालकाचे अधिकार मिळावेत, अशी युक्ती त्यांनी योजली. १९७३ मध्ये अर्ज केलेले तिचे एकस्व १९७९ मध्ये मंजूर झाले आणि ते जनतेस अर्पण करण्यात आले. टॉम्पसन व रिची यांच्या १९७४ च्या निबंधात या युक्तीचा जो एक उपयोग सांगितला आहे, तो मू नावाच्या खेळाच्या गुणनोंदीचा : खेळणाऱ्याने गुणांच्या फाइलीला हात लावू नये, पण खेळाने लावावा. आज्ञावलीला आता स्वतःची पत प्राप्त झाली. तशीच तिच्याकडून गैरकाम करवून घेण्याची संधीही वाढली. टाइमशेअर या कंपनीतील एक प्रसंग नॉर्मन हार्डी यांनी १९८८ मध्ये नोंदविला. तेथील फोर्ट्रान संकलकास वापराची आकडेवारी नोंदविण्यासाठी प्रणालीच्या निर्देशिकेत लिहिण्याचा अधिकार दिलेला होता. एका वापरणाऱ्याने आपले फलित कोठे लिहावे याचे उत्तर म्हणून त्याच निर्देशिकेतील देयकांच्या फाइलीचे नाव दिले आणि संकलकाने देयकांची माहिती पुसून तेथे फलित लिहिले. हुकूम एकाचा आणि अधिकार दुसऱ्याचा, अशा पेचात सापडलेला हा कारभारी. त्यावर उपाय म्हणून, अधिकार व्यक्तीशी न जोडता कामासोबत हातोहात द्यावा, ही कल्पना जॅक डेनिस व अर्ल व्हॅन हॉर्न यांनी १९६६ मध्येच मांडली होती. ती काही थोड्या यंत्रांत उतरली.

प्रत्यक्ष संगणक-केंद्रांतून मात्र नियंत्रणाचा विषय निघे तो अनेकदा अशा गहन कारणांसाठी नव्हे, तर खेळांसाठी. यंत्र महाग, अग्रे मोजकी आणि भर दुपारी कोणी तरी पाताळनगरीतील राक्षस मारीत बसलेला. बर्कली येथील युनिक्समध्ये डीएम नावाची एक लहान आज्ञावली होती. खेळांच्या खऱ्या फाइली दडवून ठेवलेल्या असत आणि खेळाचे नाव घेताच प्रथम हीच पुढे येई. दिवसाची वेळ, यंत्रावरील भार, हजर वापरणाऱ्यांची संख्या आणि कोणत्या अग्रावरून मागणी आली हे पाहून ती खेळास परवानगी देई अथवा नाकारी. ‘कोणी’ एवढाच प्रश्न न विचारता ‘केव्हा’ आणि ‘कोणाची गैरसोय करून’ हेही विचारणारी ही व्यवस्था होती. व्यवहारज्ञान तिच्यात पुष्कळ मोठ्या प्रणालींपेक्षा अधिक होते असे म्हणावे लागेल.

हे सारे ठरविणारा कोण, हा प्रश्न यंत्राचा नाही, संस्थेचा आहे. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतील आयटीएस या प्रणालीत परवलीचे शब्दही नव्हते आणि फाइलींवर पहाराही नव्हता. सारी प्रणाली बंद पाडणारा आदेश तेथे कोणालाही उपलब्ध होता. जे सहज करता येते ते करून दाखविण्यात पुरुषार्थ उरत नाही, असा त्यामागील हिशेब. त्याच प्रयोगशाळेतील दुसऱ्या एका यंत्रावर १९८४ मध्ये काही जणांनी चालकाचा परवलीचा शब्द बदलून सत्ता स्वतःकडे घेतली आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी प्रणालीच्या गाभ्यात दुरुस्ती करून ती मोडून काढली. पुढे त्यांच्या ग्नू प्रकल्पातील अधिकार बदलण्याच्या आदेशात, तो फक्त निवडक गटानेच चालवावा ही प्रचलित अट घालण्यास त्यांनी नकार दिला आणि त्याचे कारण म्हणून हाच प्रसंग माहितीपुस्तिकेत लिहून ठेवला. या उलट न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफलो शाखेत १९८० च्या सुमारास तयार झालेल्या सुडो या आज्ञावलीने व्यवस्थापकाचे सर्वाधिकार वाटून देण्याची सोय केली : कोणी कोणता आदेश सर्वाधिकाराने चालवावा, याची एका फाइलीत नोंद ठेवावयाची. कॉर्बातो यांचे सहकारी जेरोम सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या तत्त्वांशी ती बरीच जुळते. प्रत्येक आज्ञावलीस कामापुरतेच अधिकार असावेत आणि जे स्पष्टपणे मंजूर नाही ते नामंजूर समजावे, ही त्यांतील दोन तत्त्वे होत.

मुभेच्या चौकटीत राहूनही केवढी हानी होऊ शकते, याचे मोजमाप फ्रेड कोहेन यांनी केले. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी युनिक्सवर चालणाऱ्या व्हॅक्स संगणकात एका उपयुक्त आज्ञावलीच्या पोटात स्वतःची प्रत इतर आज्ञावल्यांना चिकटविणारा अंश घातला. पाच प्रयोगांपैकी प्रत्येकात त्या अंशाला प्रणालीचे सर्वाधिकार मिळाले. सरासरी वेळ अर्ध्या तासाहून कमी, तर सर्वांत जलद प्रयोगास पाच मिनिटेही लागली नाहीत. कोणताही निर्बंध तोडला गेला नव्हता. प्रत्येकाने आपल्या अधिकारात असलेली आज्ञावली चालविली आणि तिने त्या व्यक्तीच्या अधिकारात असलेले बदल केले. हे आकडे कळताच पुढील प्रयोगांना परवानगी नाकारण्यात आली. दिलेली आज्ञावली अशी विषाणुयुक्त आहे की नाही, हे सर्व बाबतींत अचूक सांगणारी पद्धत असूच शकत नाही, हेही कोहेन यांनी सिद्ध केले. टॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्यूरिंग व्याख्यानात याच्या पुढचे पाऊल दाखविले. संकलकात एक चोरवाट अशी पेरता येते, की नव्या संकलकात ती आपोआप उतरत राहते आणि मूळ लिखित मजकुरात तिचा मागमूस राहत नाही. बरोजच्या अभियंत्यांनी ज्या खांबावर छप्पर टेकविले होते, तो खांब तपासण्याचा सोपा उपाय नाही, असा याचा अर्थ होतो.

माहिती आणि आज्ञा यांतील सीमा किती पुसट आहे, याचा सार्वजनिक प्रत्यय २ नोव्हेंबर १९८८ रोजी आला. त्या दिवशी इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस कृमीने वापरलेल्या मार्गांपैकी एक असा होता : व्यक्तीची चौकशी करणाऱ्या फिंगर या सेवेने येणाऱ्या विनंतीसाठी ५१२ बाइट जागा राखली होती, तिला ५३६ बाइटांचा मजकूर पाठविण्यात आला. जास्तीचा मजकूर शेजारच्या स्मृतीत सांडला आणि यंत्र त्या मजकुरालाच आज्ञा समजून चालवू लागले. बरोजच्या चिठ्ठीसारखी खूण सर्वसामान्य यंत्रांत यावयास त्यानंतर दीड दशक लागले. स्मृतीच्या एखाद्या भागातून आज्ञा चालवू नयेत असे सांगणारी खूण एएमडीच्या ६४ अंकस्थानी प्रक्रियकांत २००३ मध्ये आणि तिचा वापर मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एक्सपीमध्ये २००४ मध्ये आला. होवाव शाखाम यांनी २००७ मध्ये दाखविले, की बाहेरून एकही आज्ञा न आणता, आधीपासून स्मृतीत असलेल्या मंजूर आज्ञांचे तुकडे निराळ्या क्रमाने जोडूनही हवे ते काम करवून घेता येते. १९६२ मधील त्या छापील यादीचीच ही अधिक सूक्ष्म आवृत्ती होय.

वैयक्तिक संगणकांच्या आरंभकाळात यंत्राचा वापरणारा व मालक एकच असल्याने हा विषय मागे पडला होता. कार्यालयांतील संगणक जाळ्यांनी जोडले गेले, तेव्हा तो पुन्हा पुढे आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २००० च्या डिसेंबरमध्ये लिनक्ससाठी एसई-लिनक्स ही सक्तीच्या नियंत्रणाची व्यवस्था खुली केली. विंडोजमध्ये २००१ नंतर फाइलीची जागा, तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा अथवा निर्मात्याची अंकीय सही पाहून आज्ञावली चालू द्यावी की नाही हे ठरविण्याची सोय झाली. २००९ मधील ॲपलॉकर हे तिचेच सुधारित रूप. नावावरून ओळखण्यापेक्षा ठशावरून ओळखणे निश्चितच पक्के. परंतु दुभाष्या आज्ञावली मंजूर असेल, तर तिला काय वाचावयास दिले आहे, हे तिच्या ठशावरून कळत नाही.

ॲपल कंपनीने २००८ च्या जुलैमध्ये आयफोनसाठी आज्ञावल्यांचे दालन उघडले, तेव्हा या नियंत्रणाने स्थान बदलले. यंत्र एका व्यक्तीच्या खिशातले, पण त्यावर काय चालावे याची परवानगी निर्मात्याच्या सहीने. सही नसलेली आज्ञावली यंत्र चालवीत नाही. यंत्राच्या मालकाने सांगूनही नाही. सामायिक संगणकावर इतरांच्या रक्षणासाठी घडविलेली साधने येथे सामायिक नसलेल्या यंत्रावर आली. युरोपीय संघाच्या अंकीय बाजारपेठ कायद्यानुसार ॲपलला २०२४ च्या मार्चमध्ये संघातील देशांत इतरांच्या दालनांना वाट करून द्यावी लागली. त्या दालनांतून येणाऱ्या आज्ञावल्यांवरही ॲपलच्या तपासणीची मोहोर असण्याची अट कंपनीने कायम ठेवली.